वाळवंटातली मिरवणूक

"माझं काही अडत नाही," असं म्हणत तो दुसऱ्याचं अडलेलं काम आधी करून द्यायचा. अशी माणसं तुमच्याही ऑफिसात असतील. त्यांचं काय अडलंय, हे आपण सहसा विचारत नाही. मीही तीन वर्षं विचारलं नाही.

तो माझ्याच ऑफिसातला, परभणीकडचा; मी जळगावचा. पुण्याजवळ भुकूमला एकाच शेतकऱ्याच्या माडीवर आमच्या शेजारशेजारच्या भाड्याच्या खोल्या. घरमालकांना सगळे नाना म्हणत.

२००६ साली कंपनीनं आम्हा दोघांना काही महिने अमेरिकेत पाठवलं. एका शुक्रवारी तो म्हणाला, "वाळवंटात एक शहर आहे, लोक सुट्टीला जातात. तिथं उद्या मिरवणूक आहे. येतोस?"

"कसली?"

"पुरुषांवर प्रेम करणाऱ्या पुरुषांची. बायकांवर प्रेम करणाऱ्या बायकांची. माझ्यासारख्यांची."

मी विचारलं, "ऊन फार असेल का?"

"टोपी घे," तो म्हणाला.

खजुरांच्या रांगा, मागे बोडके डोंगर आणि रस्ताभर सप्तरंगी झेंडे. हातात हात घालून दोन म्हातारे गेले, त्यांच्यासाठी लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. मग आईबापांची तुकडी आली. एका आजीबाईंच्या पाटीवर लिहिलं होतं, 'हा माझा मुलगा आहे.' माझा मित्र रडताना दिसला तशा त्या रांग सोडून आल्या आणि त्यांनी त्याला जवळ घेतलं.

डोळे पुसून तो मला म्हणाला, "ये, दोघांचा एक फोटो काढून घेऊ."

ऑफिसात कुणी पाहिला तर, एवढंच माझ्या मनात आलं. "मी काढतो की तुझा," म्हणत मी कॅमेरा घेतला. त्याला कळलं. "माझं काही अडत नाही," म्हणाला आणि एकटाच उभा राहिला.

परत आल्यावर त्यानं घरी सगळं सांगून टाकलं. वडिलांनी त्याला घराचं दार बंद केलं. आई मात्र दर गुरुवारी शेजारणीच्या फोनवरून चोरून बोलायची. पुढच्या वर्षी दोन गुरुवार तिचा फोन आला नाही. मग चुलतभावानं कळवलं: आई गेली, तेरावंही झालं.

तो जिन्यात बसून होता. नानांनी विचारलं, "आन तुला कळवलं न्हाई? का?"

त्यानं खरं ते सांगितलं.

"मला न्हाई समजत त्यातलं," नाना म्हणाले. "पर आई तुजीच व्हती ना? ऊठ."

पौडजवळ नदीवर त्यांनी न्हाव्याला बोलावून घेतलं. मीही गेलो. मुंडण झाल्यावर नाना धोतर खोचून पाण्यात उतरले आणि स्वतःच्या ओंजळीनं त्याच्या डोक्यावर पाणी घालत राहिले.

दोन महिन्यांत त्यानं नोकरी सोडली, खोली सोडली. पत्ता दिला नाही. फोन नंबरही बदलला.

वर्षभरानं एक वयस्क गृहस्थ परभणीकडून भुकूमला आले. "आमचा मुलगा इथं राहायचा का हो?"

"व्हय. आता न्हाई," नाना म्हणाले.

पत्ता आमच्या कुणाकडेच नव्हता. मी आणि नानांनी त्यांना वर नेलं. रिकाम्या खोलीत ते नुसते उभे राहिले. नानांनी नदीवरचं सांगितलं.

"डोक्यावर पाणी कुणी घातलं त्याच्या?" त्यांनी विचारलं.

"मी."

त्यांनी नानांना हात जोडले. मग भिंत धरत धरत ते फरशीवर खाली बसले.