मोठ्या आवाजाची पेटी

मी आणि बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे रेडिओची तार बांधणं. रेडिओ अजून घरात आलेला नव्हता. तार आधी आली होती.

मी पत्र्यावर चढलो होतो. ती खाली वेळू धरून उभी होती. एक वेळू घराला, दुसरा शेळ्यांच्या खोपटाला, मध्ये तांब्याची तार आणि तारेच्या दोन्ही टोकांना चिनी मातीच्या पांढऱ्या गोट्या. रेडिओ बांधणाऱ्या मिस्त्रीनं सांगितलं होतं तसंच सगळं. मी वरून ओरडत होतो, डावीकडं घे, डावीकडं. तिला ऐकू येत नव्हतं. मग मी पत्र्यावर पाय आपटला. पत्रा हादरला तसं तिनं वर बघितलं. मी हातानं दाखवलं, तिनं वेळू सरकवला.

माझी थोरली वहिनी शेजारच्याच घरात राहायची. भाऊ वारला होता, ती एकटीच. ती उंबऱ्यात येऊन उभी राहिली.

"म्हैस यायच्या आधीच दावं आनलं का भावजी?"

"म्हैस परवा येनार हाय," मी म्हणलं.

"म्हैस दूद तरी देती. ही काय देनार?"

बायकोनं माझ्याकडं बघून विचारलं, काय म्हनत्यात बाई? मी वरूनच मोठ्यानं सांगितलं, तुझ्या रेडिओला म्हैस म्हनती. हे तिला कळलं.

"मग शेन काढायला बाईलाच बोलवू," ती म्हणाली.

वहिनी हसत आत गेली. तार ताणून झाली. मी खाली उतरलो. आम्ही भाकरी खाल्ली आणि झोपलो. त्यात विशेष काही नव्हतं.

तिचे कान बहात्तरच्या दुष्काळात गेले. रस्त्याच्या कामावर खडी फोडायला आम्ही दोघं होतो. खाणीत सुरुंग उडवायच्या आधी शिट्टी वाजायची, मग सगळे लांब पळायचे. एकदा ती पाटी उचलायला मागं राहिली. अंगाला काही लागलं नाही. उठून धूळ झटकली आणि कामाला लागली. संध्याकाळी मी काय म्हणतो ते तिला कळेना. एक कान साफ गेला, दुसऱ्यात थोडं राहिलं. पुढं पुढं तेही कमी झालं. समोरच्याच्या तोंडाकडं बघून ती बरंचसं ओळखायची. पाठ फिरवून बोललं की झालं.

रेडिओचं कसं निघालं ते सांगतो. आमच्या गावच्या चावडीत पंचायतीचा रेडिओ होता. त्याला मोठा भोंगा होता. संध्याकाळी लावायचे आणि गावचे बाप्ये खाली बसून ऐकायचे. बाईमाणसानं तिथं बसायची पद्धत नव्हती, आणि आमच्या वस्तीतल्या बाईनं तर नाहीच. एक दिवस ही गवताचा भारा घेऊन उशिरा घरी आली. मी विचारलं, इतका वेळ? ती म्हणाली, चावडीच्या मागं भिंतीपाशी उभी होते.

"कशाला?"

"ऐकायला. तिकडं नाशकाकडं गारपीट झाली म्हनं. द्राक्षं गेली."

मी बघतच राहिलो. मी म्हणलं, "माजं ऐकू येत न्हाई अन् त्या डब्याचं येतंय व्हय?"

"तुमी बोलताव कुठं?" ती म्हणाली. "सगळे मला कामाचंच सांगतेत. पानी आन, शेळ्या सोड, जेव. बिनकामाचं कोनीच बोलत न्हाई. वरडून वरडून बिनकामाचं कोन बोलंल?"

खरं होतं ते.

मग ती रोज भारा डोक्यावर घेऊन त्या भिंतीमागं उभी राहायला लागली. काही दिवसांनी चावडीचा रेडिओ बंद पडला. दुरुस्त करू म्हणाले, केला नाही. तवा ती म्हणाली, आपल्याला एक घेऊ. तिनं कधी काही मागितलेलं नव्हतं. लुगडंसुद्धा मी आणीन ते. दोन शेळ्या विकू म्हणाली. शेळ्या तिच्याच होत्या, तिनंच वाढवलेल्या.

आधी आम्ही परभणीला गेलो. मोठं दुकान होतं, काचेच्या कपाटात पेट्या मांडलेल्या. दुकानदारानं मला विचारलं, कसला पाहिजे?

"मोठ्या आवाजाचा," मी म्हणलं. "अन् स्वस्तातला."

"ह्या दोन गोष्टी एका पेटीत भेटत न्हाईत काका."

त्यानं एक पेटी काढली. आतला सगळा माल बाहेरच्या देशाचा म्हणाला. किंमत ऐकून मी हात मागं घेतला. देशी नाही का, मी विचारलं. तो म्हणाला, "देशी हाय की. पन देशी घेतला तर आवाज बी देशीच येनार."

बायको त्याच्या तोंडाकडं बघत होती. तिला कळलं. ती म्हणाली, "बाबा, मला देशीच बोलनं कळतं. विलायती आवाज नेऊन मी काय करू?"

दुकानातली माणसं हसली. तोही हसला. मग त्यानं एक देशी संच लावून दाखवला. गाणं लागलं होतं. मी तिला विचारलं, ऐकू येतंय का?

"येतंय. बाई गायलीय."

"काय गायलीय?"

"ते मला काय ठाऊक? तुमाला कळतंय का?"

मलाही कळत नव्हतं, हिंदी होतं. तिला गाणं नको होतं. बोलणं लाव म्हणलं तर त्यानं काटा फिरवला, पण बोलणं लागलं की आवाज बसायचा आणि तिचा चेहरा बंद व्हायचा. आणि तोही दोन शेळ्यांत बसत नव्हता. आम्ही परत आलो.

मग पालमच्या बाजारात एकाकडं चामड्याच्या पिशवीतला छोटा ट्रांझिस्टर मिळत होता. तो आमच्या ऐपतीतला होता. तिनं तो हातात घेतला, टरबूज बघावं तसा कानाला लावला, हलवून बघितला. तो विकणारा म्हणाला, आजी, हलवू नका. तिनं मला सांगितलं, "आत कोनीतरी हाय, पन दार लावून बोलायलंय."

दिला परत.

गंगाखेडचा मिस्त्री आम्हाला एस.टी.तल्या एका माणसानं सांगितला. बसस्टँडजवळ जिन्याखाली त्याचं दुकान, एक माणूस बसला तर दुसऱ्यानं उभं राहायचं. तो स्वतः पेट्या बांधायचा. आतला माल मुंबई-पुण्याकडनं सुटा आणायचा, खोकं सुताराकडून आंब्याच्या लाकडाचं करून घ्यायचा. बोलायला लय पक्का. जबान एवढी चालायची की हात थांबायचे.

"मामा, कंपनीचं नाव पायजे का आवाज पायजे?"

"आवाज," मी म्हणलं.

"बस, मग योग्य जागी आलाव. नावाचे पैसे कंपनी घेती, आवाजाचे मी घेतो."

त्यानं लग्नातल्या लाउडस्पीकरचा एक मोठा भोंगा काढला, उघड्या तारांना जोडला आणि टेबलावर ठेवला. बायको खुर्चीवर बसली. कुणीतरी माणूस बोलत होता. ती ऐकत राहिली. मी तिला विचारणार होतो तोवर तिनं हात वर केला, गप म्हणून.

"उंदरं," ती म्हणाली. "उंदरं मारायचं सांगायलाय. कनगीच्या बुडाला पत्रा लावा म्हनतोय."

मिस्त्रीनं टाळी वाजवली. ती काही उठेना. उंदराचं पूर्ण संपेपर्यंत ती बसून राहिली. आमच्या घरात कणगी नव्हती, उंदरं होती. उठताना म्हणाली, "मानूस लय हुशार न्हाई, पन बोलतो बरा."

दोन शेळ्या विकल्या. पैसे दिले. मिस्त्री म्हणाला, परवा न्या. परवा गेलो तर सुतारानं खोकं दिलं नव्हतं. पुन्हा परवा. मग कसलातरी सुटा माल आला नव्हता. दर वेळी ती माझ्यासोबत यायची, दर वेळी तो तिला खुर्चीवर बसवायचा, चहा पाजायचा आणि परवा म्हणायचा. ती त्याला म्हणायची, तुजा परवा लय लांबचा हाय रे. शेवटी त्यानं तार आणि गोट्या काढून दिल्या. "मामी, तोवर तार बांधून घ्या. ह्या परवाला पेटी नक्की. कसम."

ती तार आम्ही त्याच दिवशी बांधली, ते वर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी सकाळीच रानात गेलो. ज्वारी काढून झाली होती, कडबा रचायचा होता. ती उरलेल्या शेळ्या घेऊन भाकरी आणणार होती. ऊन वर आलं तवा बघितलं तर शेळ्या बांधावर मोकळ्या होत्या आणि ती कडब्याच्या गंजीला टेकून बसली होती, माझ्याकडं पाठ करून. मी हाक मारली. ती वळली नाही. त्यात नवल नव्हतं. पाठ असली की ती कधीच वळायची नाही. मी शेळ्या हाकून आणल्या. त्यांना पाणी पाजलं. अजून एकदा हाक मारली, अशीच, सवयीनं. तिच्याशेजारी भाकरीचं फडकं होतं. मी हात धुतले. मग तिच्याशी बोलायचं तर समोर जावं लागतं म्हणून वळसा घालून समोर गेलो.

किती वेळ झाला होता मला माहीत नाही. डॉक्टर नव्हताच. लोक म्हणाले, काळीज बंद पडलं. असंल.

वस्तीतली माणसं आली. तिला घरी आणलं. संध्याकाळच्या आत सगळं झालं. बुद्धवंदना झाली, मी हात जोडून उभा राहिलो. लोक विचारतात, रडलाव का? नाही. रडू आलं नाही. वहिनी रडली. तिनं मला जेवायला वाढलं, मी जेवलो. मीठ कमी होतं का जास्त, सांगता येत नाही. त्या रात्रीचं मला दुसरं काही आठवत नाही, कुणी सांगितलं तर ऐकून घेतो.

सकाळी उठलो. राख उद्या सावडायची होती, त्या दिवशी काम काही नव्हतं. मी टोपी घातली. वहिनी दारात होती.

"कुठं चाललाव भावजी?"

"गंगाखेडला."

"आज?"

"आजच बोलवलंय त्यानं."

तिनं तोंडाला पदर लावला आणि बाजूला झाली.

एस.टी.त जागा मिळाली. मिस्त्री जिन्याखाली बसला होता, पेटीची पाठ उघडी होती.

"अरे मामा! आजच आलाव?"

"तूच म्हनलास परवा."

"हां, म्हनलो खरं. बसा, झालंच आता. मामी न्हाई आल्या?"

"न्हाई."

"बरं केलं, थंडी लय हाय. त्यांना म्हनावं, पेटी अशी वाजनार की शेजारी भांडायला येतील."

"सांगतो," मी म्हणलं.

त्याला भोंगा धरायला माणूस पाहिजे होता. मी दोन्ही हातांनी धरला. तो बोलत बोलत चार स्क्रू पिळत होता, एक स्क्रू सांडला, तो मीच उचलून दिला. मग त्यानं सेल घातले, खटका दाबला. पेटीत दोघं जण कशावर तरी गप्पा मारत होते. कामाचं काही नव्हतं.

"आवाज किती ठेवू?"

"मोठा कर."

त्यानं बटण फिरवलं. पलीकडचा पानवाला वाकून बघायला लागला.

"बास?"

"अजून."

"अजून?"

"हां."

बसस्टँडकडं जाणारी माणसं थांबली. पेटीचं लाकूड थरथरत होतं, मी हात तसाच ठेवला होता. मिस्त्रीनं बटण शेवटपर्यंत नेलं आणि हात काढला. मोठ्यानं ओरडून म्हणाला, "ह्याच्या फुडं जात न्हाई मामा!"

"बरं," मी म्हणलं. "बांध मग."