उलटी लागलेली टोपणं

माझा मामा तळ्याच्या तळाचा गाळ काढतो. प्रयोगशाळेच्या बोटीतून लांब नळी तळात रोवायची, भरली की ओढून घ्यायची, वरच्या तोंडाला लाल टोपण लावायचं, खालच्या तोंडाला काळं. एकवीस वर्षं हेच. नळ्यांशी तो तान्ह्या पोरींसारखा बोलतो, "हं, मान सांभाळ गं बाई." मी ती नक्कल केली की मामी पोट धरून हसते.

गाळात कार्बन कुठून येतो, हेही मला त्यानेच सांगितलं. थोडा तळ्यातलं शेवाळ मरून खाली बसतं त्याचा, थोडा ओढा पानं-माती आणतो त्याचा. "पानं ओढ्याच्या तोंडाशीच बसकण मारतात. मध्यापर्यंत जातो तो बारीक चिखल. पूर्वी तळं लहान होतं, ओढा पार मध्याजवळ पडायचा. म्हणून तिथे पानं सापडतात ती खोल, जुन्या थरात."

आणि परवा प्रयोगशाळेच्या मॅडम नाचत आल्या. तळ्याच्या मधल्या नळीत लाल टोपणाखालीच पानांचा कार्बन! म्हणजे ओढा आता पानं मध्यापर्यंत पसरवतोय! त्यावरचा लेख दोन दिवसांत छापायला जाणार.

मामाचा चेहरा पडला. नळ्या ठेवतात त्या शीतगृहात जाऊन त्याने त्या नळीत बोट घातलं. वरचा ताजा गाळ पातळ असतो, लाल टोपणाखालचा मात्र घट्ट. टोपणं उलटी लागली होती, त्याच्याच हातून.

"एकवीस वर्षांत एकही चूक नाही म्हणून नाव घेतात माझं," तो घरी पुटपुटला.

"मग आता चुकीचा लेख जाऊ द्यायचा?" मामी म्हणाली.

रात्री कबुलीचा सराव. मी मॅडम झाले, चष्मा नाकावर. "बोला!"

"मॅडम, एक किरकोळ..."

"किरकोळ?" मी भुवई चढवली.

"अगं, तू तर त्यांच्यापेक्षा भयंकर आहेस!"

सकाळी सराव वाऱ्यावर गेला. "मॅडम, नळी उलटी झाली. चूक माझी," एवढंच तो बोलला.

मॅडमनी चष्मा काढला. "तुम्ही सांगितलं नसतं, तर कुणाला कळलं असतं?"

"कुणालाच नाही."

"बसा मग. आता सगळ्या आलेखांवरून एकेक करून नजर फिरवा. आणखी काय खटकतंय ते सांगा."

जेवायला तो तीन वाजता आला. "चांगली शिक्षा केली गं, सगळ्या रेघा बघायला लावल्या!" म्हणाला, आणि ताट समोर असून अर्धा तास रेघांबद्दलच बोलत राहिला. मामी दोनदा म्हणाली, "अहो, जेवा आधी."