बंद होणाऱ्या मशीनची पूजा

भगवंत सिल्वासातल्या एका जर्मन कंपनीत धाग्याचं मशीन चालवायचे. दसऱ्याला मशीनला हार घालायची तिथली रीत. पण आदल्याच दिवशी साहेब म्हणाले, "दिवाळीनंतर हे मशीन बंद, माणसंही कमी. चिनी धागा स्वस्त पडतो, त्यांच्या कंपन्यांमागे त्यांचं सरकार उभं आहे."

भगवंतांनी वैतागून घरी येऊन सगळं सांगितलं.

"मग तुमच्या साहेबाला सरकार नाही का?" बायकोनं, तानूबाईनं विचारलं.

"आहे की! पण ते म्हणतं, तुझं तू बघ."

"म्हणजे माझ्या माहेरासारखंच."

"इथं नोकरी चाललीय अन् तुला चेष्टा सुचते! मी नाही जात पूजेला."

"जा हो. त्या मशीनचा काय दोष?"

दुसऱ्या दिवशी भगवंत धुसफुसतच गेले. कुंकू लावता लावता मशीनला म्हणाले, "पुढच्या जन्मी तरी सरकारच्या घरात जन्माला ये रे बाबा!"