काठावरून दिलेली ओ

मी गाव सोडलं त्या सकाळी माझे वडील मला निरोप द्यायला घरी थांबले नाहीत. आमचं घर पवनानगरला, धरणाच्या पाण्यापासून हाकेच्या अंतरावर. अंगणात बॅगा भरून ठेवलेल्या, कामशेत स्टेशनला जाणारी जीप दारात घुरघुरतेय, आई लाडवांचा डबा सोडून पुन्हा बांधतेय, आणि आबांचा पत्ता नाही. उजाडताच त्यांना बोलावणं आलं होतं. तंबूत मुक्कामाला आलेल्या पुण्याच्या पोरांपैकी एक आदल्या दिवशी पाण्यात उतरला, तो वर आलाच नव्हता.

"त्येंच्यावर रागवू नगंस," आई म्हणाली. "तू जित्ता हायेस, पुन्ना येशील. त्ये पोरगं कुटं येनार हाये?"

आबा शेती करायचे, पाण्यात जाळी टाकायचे. धरणात कुणी बुडालं की पोलीस त्यांनाच निरोप धाडायचे. ते दोन-चार सोबत्यांना घेऊन जायचे, तळ चाचपून मयत वर काढायचे आणि घरी येऊन न बोलता अंघोळ करायचे. त्या दिवशी जेवणही मुकाट्यानेच व्हायचं. एरवी आबा गप्पिष्ट, आईची टर उडवण्यात तर पटाईत. पण त्या दिवशी नाही.

मी जीप काठाशी थांबवायला लावली. आबा कमरेइतक्या पाण्यात उभे होते. वर त्या मुलाचे मित्र, चेहरे पांढरेफटक. आबांनी त्यांना त्याचं नाव विचारलं आणि पाण्याकडे तोंड करून हाक मारली, "रोहितऽऽ!" मित्रांना काही कळेना. आबांनी मान वळवली, तर मी दिसलो. मग मीच मोठ्याने ओ दिली. त्यानंतर आबांनी बुडी घेतली.

ही त्यांची रीत. बुडालेल्याला आधी नावाने हाक मारायची, आणि काठावरच्या त्याच्या माणसाने त्याच्या वतीने ओ द्यायची. ओ आल्याशिवाय आबा बुडी घ्यायचे नाहीत. हे ते कुठून शिकले, तेही सांगतो. त्यांचं जन्मगाव याच पाण्याखाली आहे. धरण भरायच्या आधी घर सोडताना त्यांच्या आईने मोकळ्या घराच्या दारात उभं राहून एकेक नाव घेतलं होतं. सासरा, सासू, आणि लहानपणीच गेलेली एक मुलगी. चला म्हणून सांगायला. आणि ओ द्यायला तिने आबांना शेजारी उभं केलं होतं. मेलेलं माणूस एकटं मागे राहू नये, एवढाच त्यातला अर्थ.

आबा रिकाम्या हाताने वर आले, काठाकडे येऊन दम घेतला, आणि मला म्हणाले, "जा आता. इमान चुकंल." मी पाया पडायला वाकलो, तर पाण्यातच वाकावं लागलं. पॅन्ट गुडघ्यापर्यंत भिजली. ते हसले. मग म्हणाले, "माज्या वक्ताला यं मातर. ओ द्यायला."

"येईन," मी म्हणालो. किती सहज म्हणालो! ओली पॅन्ट विमानात बसेपर्यंत वाळली.

पवनानगरकरांनो, तुम्हाला वाटत असेल की दत्ता अमेरिकेत साहेब झाला. नाही हो. साहेब कुणी असेल तर ती माझी बायको सुनीता. वडगावची मुलगी, नर्स. नोकरी तिला लागली, मी तिच्या मागे गेलो. तळेगावच्या कारखान्यात डिझेल इंजिनं दुरुस्त केलेला माणूस मी, पहिली काही वर्षं मुलीला शाळेत सोडायचं आणि बर्फ उपसायचा एवढंच काम केलं. आणि जे माझ्यासारखे निघाले, त्यांना हे सांगायची गरज नाही, की रिकाम्या घरातल्या हीटरचा आवाज कसा असतो. पुढे कामाच्या परवान्याची कागदपत्रं झाली आणि मला शहराच्या अग्निशमन खात्याच्या गराजमध्ये मेकॅनिकची नोकरी लागली. आगीचे बंब दुरुस्त करायचे. इथे त्यांना ट्रक म्हणतात. पंप, व्हॉल्व्ह, गिअर यांची भाषा मला येत होतीच.

तिथेच मला आयरिश लोक भेटले. शहर बंदराचं, जुनं. बंबवाल्यांत आणि पोलिसांत आयरिश आडनावं इतकी, की आपल्याकडे एखाद्या गावात सगळे एकाच भावकीचे असतात तसं वाटावं. त्यांचं एक मंडळ आहे, एका संताच्या नावाने चालणारं. हॉल आहे, पिशवी काखेत दाबून वाजवायच्या बॅगपाइपचं पथक आहे, वर्षातून एकदा जेवण आहे. मला वाटलं, चला, आपल्या गणेश मंडळासारखं असेल. वर्गणी आणि भांडणं. भांडणं निघालीही. पण मंडळाचं खरं काम दुसरंच होतं, ते टॉमी गेला तेव्हा कळलं.

टॉमी बंब चालवायचा. गाडी गराजला आणली की माझ्या डब्यातली चटणी चाखून डोळ्यांतून पाणी काढायचा, आणि पुढच्या खेपेला पुन्हा मागायचा. एका गोदामाच्या आगीत छत कोसळलं आणि त्यात तो गेला. अंत्यविधीला सगळं खातं आलं होतं. पाइपवाले वाजवत पुढे, शवपेटी बंबावर ठेवलेली. तो सूर कानावर पडला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी या देशात रडलो.

मग शेवटचा विधी. कंट्रोल रूमने रेडिओवरून टॉमीला हाक मारली. त्याचा नंबर, त्याचं नाव. शांतता. पुन्हा हाक. पुन्हा शांतता. एवढी माणसं उभी आहेत, बायको उभी आहे, भाऊ उभे आहेत, आणि कुणी बोलत कसं नाही? तिसऱ्यांदा नाव घेतलं, आणि माझ्या तोंडून मोठ्याने निघून गेलं, "ओऽ!"

शेकडो माना वळल्या. त्यांत टॉमीची बायको नोरा होती. तिच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे होतं ते मी जन्मात विसरणार नाही. तिला वाटलं होतं, तोच बोलला. मग तिने मला पाहिलं, आणि तो चेहरा विझला. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

मंडळाचे सेक्रेटरी डेनिस, रिटायर झालेले बंबवाले, मला हाताला धरून बाजूला घेऊन गेले. रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "आमच्यात उत्तर द्यायचं नसतं. ती शांतता हेच उत्तर. तो आता कामावर येणार नाही, हे सगळ्यांनी ऐकायचं असतं." मी त्यांना आबांची रीत सांगितली. मग ते मला हॉलमध्ये घेऊन गेले, चहा दिला आणि त्यांच्या लोकांची कथा सांगायला बसले.

आयर्लंडात बटाटा शेतातच सडला, दुष्काळ पडला आणि माणसं बोटीत बसून इकडे आली. इथे त्यांना कुणी दारात उभं करत नव्हतं. आयरिशांनी अर्ज करू नये, अशा जाहिराती निघायच्या. पोलिसांत आणि बंबावर तेवढं काम मिळायचं, कारण जीव जायचा आणि पगार बेताचा, म्हणून दुसऱ्यांना ते नको असायचं. मग मरणंही यांच्याच घरी जास्त. कुणी गेलं की कबरेची सोय कोण करणार, पोरांच्या तोंडात घास कोण घालणार? म्हणून मंडळं निघाली. मयताला पाइप वाजायला लागले ते आधी त्यांच्याच माणसांच्या, आणि पुढे खात्यातल्या कुणाच्याही. "आणि आमचं बस्तान बसल्यावर," डेनिस म्हणाले, "आम्ही काय केलं माहीत आहे? दार आतून लावून घेतलं. नोकरी भावाला, पुतण्याला. काळ्या माणसांना आम्ही वर्षानुवर्षं आत येऊ दिलं नाही. तेही आमच्याच मंडळाचं काम. चांगलं तेवढंच सांगायचं, असं नको."

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली. त्यांच्या पणजोबांच्या गावी पोरगं अमेरिकेला निघालं की आदल्या रात्री घरात मयताची बैठक बसायची. मेलेल्या माणसाभोवती बसतात तसे सगळे त्या जिवंत पोराभोवती बसायचे. गाणी व्हायची, रडणं व्हायचं. कारण तो परत येणार नाही हे आईबापांना माहीत असायचं. ऐकताना मला आईचा तो डबा आठवला, सोडून पुन्हा बांधलेला. आपल्याकडे विमान आहे, फोन आहे, म्हणून आपण अशी बैठक बसवत नाही इतकंच.

त्यानंतर डेनिसनी मला मंडळात घेतलं. काहींनी नाकं मुरडली, मी आयरिश नाही, बंबावर चढत नाही, म्हणून. डेनिसनी कुणाचं ऐकलं नाही. नोराच्या अंगणातला बर्फ काढायची पाळी माझ्याकडेही यायची. मी जायचो, काढायचो, मान वर न करता परत यायचो. ती खिडकीत दिसायची. आम्ही कधी बोललो नाही.

गेल्या हिवाळ्यात पुतण्याचा फोन आला. आबा जेवून ओट्यावर बसले होते, बसल्या जागीच गेले. पाण्यात नाही, आजारात नाही. इकडे बर्फाचं वादळ, विमानतळ बंद. मला पोचायला किती दिवस लागतील, कुणीच सांगू शकत नव्हतं. आईने फोन घेतला. "थांबवीत न्हाई आमी," ती म्हणाली. "लय वंगाळ वाटतंय त्येंना असं निजलेलं बगून." मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो? पुतण्याने अग्नी दिला. मी फोनच्या पडद्यावर पाहिलं. मध्येच चित्र अडकलं, ते परत आलं तेव्हा नुसता धूर होता.

दुपारी दाराशी फावड्यांचे आवाज आले. सुनीताने कळवल्यावरून मंडळाची माणसं येऊन आमच्या अंगणातला बर्फ काढत होती. त्यांच्यामागून नोरा आली, हातात भाजलेल्या बटाट्यांची ताटली, वाफाळती. माझ्यासमोर बसली. म्हणाली, "त्या दिवशी मला तुझा फार राग आला होता. कितीतरी महिने होता. मग एक दिवस वाटलं, एवढ्या लोकांत एकानेच माझ्या टॉमीला एकटं सोडलं नाही." मला हुंदका आवरला नाही. ती म्हणाली, "डेनिस गाडी घेऊन उभा आहे. दुसऱ्या शहरातून विमानं सुटताहेत. जा, तुझ्या बापाला ओ दे." मी तिला हे कधी सांगितलं नव्हतं. डेनिसनी सांगितलं असणार.

मी पोचलो तोवर राख सावडून झाली होती, पाण्यात सोडूनही झाली होती. घरात पाहुणे, चुलीवर पिठलं, खुंटीला आबांची टोपी. आई मला पाहून रडली नाही. पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "वाळलास." संध्याकाळी गर्दी पांगल्यावर मी म्हणालो, "आई, काठावर येतेस?" तिने कशाला म्हणून विचारलं नाही. पदर डोक्यावर घेतला आणि निघाली.

पाणी संथ होतं. पलीकडे तंबूंच्या रांगा, कुणाचंतरी गाणं लागलेलं. मी उभा राहिलो आणि तिथं आल्यावर माझ्या ध्यानात आलं की ओ द्यायला मी आलो, पण हाक मारणार कोण? हाक मारणारेच गेले. मीच हाक मारून मीच ओ द्यायची, हे काही खरं नाही. मी गोंधळून आईकडे पाहिलं.

आईने आबांना जन्मभर "आवं" म्हणून हाक मारली. त्यांचं नाव लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. रेशनच्या दुकानातसुद्धा नाव विचारलं की ती मला पुढे करायची. ती पाण्याजवळ गेली. "आवंऽ" म्हणाली, आणि थांबली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "नावानं मारावी लागती, न्हाई?"

"व्हय," मी म्हणालो.

तिने पदर सावरला, आणि अख्ख्या धरणाला ऐकू जाईल अशी हाक मारली, "किसनाऽऽऽ!"

मी ओ दिली. आवाज फाटला, पण दिली. पलीकडचं गाणं चालूच होतं. आई खाली बसली आणि मग पोटभर रडली.

परत येताना तिने मला विचारलं, "आन तुज्या वक्ताला? तितं कोन ओ दील?" मी डेनिसचं नाव घेतलं, सुनीताचं घेतलं, मुलीचं घेतलं. आईने मान हलवली, पण तिला पटलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही नाही. माझ्यासोबत चल म्हणालो, तर म्हणाली, "हितं त्येंना सोडून?"

घर कुठलं, असं इकडे कुणी विचारलं की पूर्वी मी पुण्याजवळचं म्हणायचो, मग लोणावळ्याजवळचं म्हणायला लागलो. आता मी उत्तर द्यायच्या भानगडीत पडत नाही. दर रविवारी आईचा फोन येतो. हॅलो वगैरे काही नाही. अंगणातून शेतात मारावी तशी ती मोठ्याने हाक मारते, "दत्ताऽऽ!" मी हातातलं काम टाकतो आणि ओ देतो. ती लगेच काही बोलत नाही. ओ ऐकून घेते, आणि मग विचारते, जेवलास का.