मोंबासाहून आलेला मुखवटा

आजही आठवलं की माझं डोकं सणकतं. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं आणि मी मालवणजवळ खाडीकाठच्या एका गावात चौथीला शिकवत होते.

वर्गातल्या एका मुलीचा बाप बोटीवर खलाशी. दोन वर्षं घरी आला नव्हता. सुटीवर परतलेल्या गाववाल्याच्या हाती त्याने लेकीसाठी मोंबासाहून लाकडी मुखवटा धाडला. लांबोळा चेहरा, अर्धे मिटलेले डोळे, गालांवर कोरलेल्या रेघा. पोर तो फडक्यात गुंडाळून शाळेत घेऊन आली. "बाई, माज्या बाबान धाडल्यान!"

मी म्हटलं, चार दिवस माझ्याकडे ठेव, त्याच्याकडे बघून सगळे असे मुखवटे करू.

"परत देतलास मा?"

"देणार म्हणजे देणार."

माडाची सुकलेली पोय, म्हणजे फुलोऱ्यावरचं होडीसारखं जाड आवरण, घेतली. कोरडी कापली तर ती चिरते, म्हणून मुलांनी आदल्या दिवशीच पाण्यात बुडवून ठेवली. रंगाला कोळसा, चुना आणि काव, केसांना काथ्या. वर्षभर तोंड न उघडणारी ती पोर आता सगळ्यांवर डाफरत होती, "डोळे येवढे मोठे करू नको रे मेल्या!" मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

मुखवटे खिडकीत टांगले आणि त्याच आठवड्यात दोन मुलांना ताप भरला. झालं! बाईंनी शाळेत देवचार आणला म्हणून गावभर बोंब. हेडमास्तर शिकलेले ना? त्यांनी लोकांना चार शब्द सांगायचे की नाही? छे, तेच नारळ घेऊन पुढे! गेल्याच जत्रेत दशावतारातल्या काळ्या संकासुराला बघून हेच गृहस्थ पोट धरधरून हसले होते. आपला काळा मुखवटा चालतो, दुसऱ्यांचा आला की ते भूत. जळली मेली ती अक्कल!

लोकांनी शाळेतल्या माझ्या कपाटातून मुखवटा काढला, पोरांचे पोयीचेही गोळा केले आणि सगळे खाडीवर गेले. तिथे हेडमास्तरांनी गाऱ्हाणं घातलं, "जी काय इडापिडा आसात, ती गावाभायर कर रे म्हाराजा!" मागून सगळ्यांनी "होय म्हाराजा" म्हटलं. मुखवटे ओहोटीच्या पाण्यात सोडले आणि रीतीप्रमाणे मागे न बघता माणसं परतली. मुलांचा ताप दवाखान्यातल्या औषधाने उतरला, नाव मात्र नारळाचं झालं.

दुसऱ्या दिवशी ती पोर माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. रडली नाही.

"बाई, काल तुमी खंय होतास?"

"घरी होते गो. डोकं दुखत होतं. मी असते तर नेऊ दिला असता का?"

"नाय बाई. मी तुमका बघलंय," ती म्हणाली. "तुमी पण 'होय म्हाराजा' म्हटलास."

म्हटलं होतं.