कोहमाऱ्याला गेलेली टोपली

आमच्या बचत गटाला आळिंबी लावायचं प्रशिक्षण मिळालं, तेव्हा गावानं आधी पोटभर हसून घेतलं. पावसाळ्यात जंगलात फुकट उगवणारी आळिंबी, म्हणजे आमच्या सात्या, घरात पिशव्या टांगून कायले वाढवायच्या? पण शिकवणाऱ्या मॅडम भारी कडक. धानाचं तणीस उकळायचं, निथळायचं, पिशवीत थर लावून बियाणं घालायचं. आणि जंगलातल्या सात्या यात चुकूनही मिसळायच्या नाहीत. एक विषारी गेली तरी माणूस मरतो, कधीकधी दुसऱ्या दिवशीपर्यंत कळतही नाही, असं त्या म्हणाल्या. मी जात्याच भित्री. ते वाक्य डोक्यात ठाण मांडून बसलं.

पहिली मागणी हायवेवरच्या कोहमाऱ्याच्या एका ढाब्याची आली. सकाळी मी आळिंबी तोडली, टोपली शेजारच्या मावशीकडे दिली आणि पोरीला आंघोळ घालायला आत गेले. मावशी गटात सगळ्यांत वयस्कर, घरात एकटीच. तिनं टोपली काळीपिवळी जीपमध्ये चढवून दिली आणि खुशीत परत आली.

"अर्धीच होती वो टोपली. म्या पहाटे जंगलातून सात्या आणल्या होत्या, त्या वरतून टाकल्या. भरगच्च झाली."

आमच्याकडे अर्धी टोपली कुणाच्या दारी पाठवत नाहीत. शेजारीण आपल्या घरचं टाकून ती भरते. तिनं मायेनंच केलं होतं, पण मला मॅडमचं वाक्य आठवलं.

"मावशी, मॅडमनं काय सांगतलं होतं? काऊन टाकल्या?"

"मले सात्या ओळखता येत नाही का? जलमभर खाल्ल्या."

"सुईत दोरा ओवता येत नाही तुले आता. तो मलेच ओवून द्या लागते."

मी पोरीला सासूकडे टाकलं, मावशीला हाताला धरलं आणि मिळाली त्या जीपमध्ये बसलो. रस्ताभर मला खाटांवर आडवे पडलेले ट्रक ड्रायव्हर दिसत होते. आधी मी मावशीला बोलबोल बोलले. मग जीपवाल्याला जोरात घे म्हणत राहिले.

ढाब्यावर भाजीची कढई नुकतीच उतरली होती. अजून कुणाला वाढलेली नव्हती.

"भैया, मत परोसो. इसमें जंगल की मिल गई है."

"मतलब? ज़हर है क्या?" मालकानं विचारलं.

"पता नहीं."

जेवणाऱ्यांचे हात थांबले. मालकानं टोपली माझ्या पायाशी फेकली. "आज के बाद इधर दिखना मत."

गटातल्या साऱ्या बायकांची मेहनत एका वाक्यात मातीत जात होती. मी म्हटलं, "मैं खाके दिखाती हूँ," आणि चमच्याला हात घातला. मावशीनं मला कोपरानं बाजूला सारलं, वाटीभर भाजी काढून घेतली आणि उभ्याउभ्या खाल्ली. पदरानं तोंड पुसलं.

मालक तिच्याकडे बघतच राहिला. उरलेली भाजी त्यानं खड्ड्यात ओतायला लावली. म्हणाला, "ये बाई कल ठीक रही, तो माल लाना. सिर्फ़ तुम्हारा वाला."

मी मावशीला माझ्याच घरी ठेवून घेतलं. ती हसली की मला भीती वाटे, गप्प बसली की जास्त वाटे. तिला साधा ठसका लागला तरी मी पाण्याचा तांब्या घेऊन धावे.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघते तर ती अंगणात विळ्यानं तणीस कापत बसलेली. मला रडूच फुटलं. रडता रडता रागही आला.

"एवढा भरोसा होता तं तसं सांगायचं ना, मावशी. माह्या जीवाचं पाणी झालं."

"भरोसा कायचा? कढईत पाहिलं तं माह्या सात्या मलेच ओळखू येईनात."

"मंग खाल्लं काऊन?"

तिनं तणसाची दुसरी मूठ विळ्याला लावली.

"तू हात घातला होता ना चमच्याले. तुही पोरगी लहान आहे."