गुरुवारचं गिऱ्हाईक

हिवाळा आला की आमच्या घरातला फोन मुका व्हायचा. माझा नवरा एसी दुरुस्तीची कामं घेतो. व्हॅन स्वतःची, लायसन अर्बाबच्या, म्हणजे आमच्या ओमानी मालकाच्या नावावर. उन्हाळाभर त्याला धड जेवायला सवड नसते. पण नोव्हेंबर उजाडला की मस्कतमधले लोक खिडक्या उघडतात आणि आम्ही एकमेकांची तोंडं बघत बसतो. ईदला आणि लग्नांना मी मेंदी काढायचे, तो आमचा पहिला जोडधंदा. पण तोही वर्षभर पुरणारा नव्हे. म्हणून एका हिवाळ्यात मी सांदणं करून विकायला लागले.

आमच्या रत्नागिरीकडे लग्नात सांदण लागतंच. तांदळाचा रवा आणि नारळाचं दूध साखर घालून आंबवायचं आणि वाट्यांमध्ये वाफवायचं. जमलं तर पांढरंशुभ्र, जाळीदार होतं, बोटानं दाबलं तरी परत वर येतं. माझ्याकडे माहेरून आणलेल्या स्टीलच्या वाट्या होत्या. त्यातल्या एकीला पोचा आलेला, त्यामुळे तिच्यातलं सांदण बुडाला खळी पडूनच निघायचं.

सुरुवातीला मी फक्त ओळखीच्यांनाच द्यायचे. घरून विकायची परवानगी अजून हातात नव्हती. नवरा अर्बाबकडे विचारायला गेला की अर्बाब 'इन्शाल्ला' म्हणायचा, आणि त्याच्या इन्शाल्लाचा अर्थ हो की नाही, हे आम्हाला इतक्या वर्षांत कळलेलं नव्हतं. त्यामुळे दारावर अनोळखी माणूस आला की मी आधी दाराची साखळी लावायचे.

असाच एका गुरुवारी तो आला. पन्नाशीच्या पुढचा, दाढी निम्मी पांढरी, अंगावर लाँड्रीचा गणवेश. खाली लाँड्रीची गाडी उभी होती. बोलणं आमच्याच भागातलं वाटलं, तरी मी दार अर्धंच उघडलं.

"सांदणं मिळतात ना इथे?"

"कोणी सांगितलं?"

"रुवीत एका दुकानात कळलं."

"कुठल्या दुकानात?"

त्याला दुकान आठवेना. वादी अदाईतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या दारापर्यंतचा पत्ता ध्यानात राहिला आणि दुकान मात्र विसरला, हे काही मला पटलं नाही. पण तो मागत होता पुष्कळ, आणि त्या आठवड्यात आमच्याकडे दुसरं काही नव्हतं. मी दिली.

पुढच्या गुरुवारी परत. मग दर गुरुवारी. पाहुणे आहेत, म्हणायचा. एवढे पाहुणे कोणाकडे येतात? त्यात तो माझे प्लास्टिकचे डबे घेत नसे. स्वतःचे दोन मोठे स्टीलचे डबे आणायचा, आत धुतलेलं मलमल अंथरलेलं. माझ्या भाचीनं कॉम्प्युटरवर सुंदर स्टिकर करून दिला होता. तो मी डब्याला लावायला गेले तर म्हणाला, "ते नको भाभी. राहू दे."

दार लावल्यावर नवरा म्हणाला, "म्युनिसिपालिटीच्या ऑफिसचा माणूस असणार. कोण किती विकतंय ते बघायला पाठवलेला."

"बघायला पाठवलेला माणूस दर आठवड्याला विकत घेऊन जाईल?"

"मग आणखी काहीतरी आहे. सरळ नाही हा माणूस."

तेवढं मलाही वाटत होतं. मी त्याला चहा विचारायचे नाही आणि तोही उंबऱ्याच्या आत यायचा नाही. एकदा खिडकीतून पाहिलं, तर त्यानं डबे इस्त्रीच्या कपड्यांच्या मागे, चादरीखाली सरकवून ठेवले. खायची वस्तू अशी लपवून कशाला न्यायची?

जानेवारीत अल खौदला एका लग्नघरी मेंदीचं काम आलं. घर रायगडकडच्या माणसांचं होतं. नवरी तिथल्या विद्यापीठाजवळच लहानाची मोठी झालेली, मैत्रिणींशी सगळं इंग्रजीत आणि आईशी अडखळत मराठीत बोलत होती. तिच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत मेंदी काढून झाली, तशी आई ताटली घेऊन आली आणि तिला भरवायला लागली. ताटलीत सांदणं होती. आईनं एक उचललं, तेव्हा मला त्याचं बूड दिसलं. एका बाजूला खळी.

माझ्या हातातला कोन तसाच राहिला.

"छान दिसतायत," मी म्हटलं. "कुठून आणली?"

"रुवीत एक खाला राहतात, त्यांची. आम्ही वर्षानुवर्षं त्यांच्याकडूनच घेतो. मध्ये त्या आजारी होत्या म्हणे, पण आता परत सुरू केलंय. तुम्ही खाऊन बघा ना, असा हात कोणाचा नाही."

मी खाल्लं. माझंच सांदण, परक्या बाईच्या नावाचं. नवरीची आई माझ्याकडे कौतुकाच्या अपेक्षेनं बघत होती. मी मान हलवली आणि पुढच्या मुलीचा हात ओढून घेतला. त्या मुलीच्या तळव्यावरची वेल जरा वाकडीच गेली.

घरी येऊन सांगितलं तर नवरा म्हणाला, "खलास. उद्यापासून एकही द्यायचं नाही."

"आधी विचारते."

"विचारून काय खरं सांगणार आहे?"

गुरुवारी तो आला तेव्हा नवरा मुद्दाम घरी थांबला होता. मी डबे हातात घेतले आणि भरले नाहीत. "चाचा, अल खौदच्या लग्नात आमची सांदणं होती. रुवीतल्या खालांची म्हणून."

तो बाहेरच जिन्याच्या पायरीवर बसला आणि सांगायला लागला. त्याची बायको गावी गेली होती, कमरेच्या ऑपरेशनसाठी. डॉक्टर आज सोडतो, उद्या सोडतो करत होता. गेली कित्येक वर्षं ती रुवीच्या त्यांच्या छोट्या फ्लॅटमध्ये सांदणं करून विकत होती. "ती परत येईल तेव्हा गिऱ्हाईक दुसरीकडे गेलेलं असेल तर तिला काय वाटेल? म्हणून तेवढं चालू ठेवलं. मी यात काही कमवत नाही, भाभी."

"मग लावा फोन त्यांना," नवरा म्हणाला. "आमच्यासमोर."

"नको. तिला ठाऊक नाही."

"का?"

"दुसऱ्या कोणाच्या हातचं तिच्या नावावर दिलेलं तिला चालणार नाही."

नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. ऑपरेशनची गोष्ट खरी असेलही, पण खरी गोष्ट सांगणारा माणूस फोन लावायला का घाबरेल? मला त्याचा भरवसा वाटला नाही. तरी मी डबे भरले. हिवाळा अजून संपायचा होता, आणि तेवढं घेणारं गिऱ्हाईक दुसरं नव्हतं. नवरा दोन दिवस माझ्याशी धड बोलला नाही.

मार्च संपताना एका दुपारी बेल वाजली. दारात काळा अबाया घातलेली एक बाई, हातात काठी, जिने चढून धापा टाकत होती. तिनं आधी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग माझ्या खांद्यावरून आत.

"घरात कोन कोन असतं?"

मला वाटलं, आली एकदाची ऑफिसची बाई. "मी, नवरा, मुलं. आपण कोण?"

"नवरा कामाला काय?"

"हो. आपल्याला काय हवंय?"

"सांदण हाय?"

मी नाही म्हणणार होते, पण मागे स्वयंपाकघरात वाफ दिसत होती आणि वासही येत होता. बाई काठी टेकत सरळ आत आली आणि खुर्चीवर बसली. मी एक सांदण बशीत दिलं. तिनं ते खाल्लं नाही. उलटं केलं, बोटानं दाबलं, मधून फाडून जाळी पाहिली. मग एक तुकडा जिभेवर ठेवला.

"यीस्ट घालतंस?"

"हो."

"साखर कमी हाय." मग बशी बाजूला ठेवून म्हणाली, "माझा नवरा दर गुरुवारी असरच्या नमाजानंतर हय येतो. लाँड्रीचं एकही गिऱ्हाईक वादी अदाईत नाय, मना ठावं हाय. गाडी कुठे थांबते ते मोबाईलमध्ये दिसतं. लेकीनं शिकवलंय मना."

तेव्हा मला उमगलं की ती कोण, आणि कशासाठी आली आहे. हसावं की घाबरावं ते कळेना. मी सगळं सांगितलं, अगदी मलमलच्या कपड्यापर्यंत. तिच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

"बायका येऊन मना सांगतात, खाला, या वेळची सांदणं काय हलकी झाली होती. मी तेव्हा गावी पलंगावर पडलेली. त्याला इचारलं, तर म्हनतो, मीच केली. त्या माणसाला चहाचं पाणी ठेवता येत नाय."

"मी केली, खाला."

"मग कर. माझ्या समोर."

आंबवलेलं पीठ तयार होतं. मी वाट्यांना तूप लावलं, पीठ ओतलं, वाफेवर ठेवलं. ती खुर्ची दाराशी ओढून माझ्या हातांकडे बघत बसली. झाकण कधी काढते, वाटी कशी उलटवते, सगळं. परीक्षेला बसल्यासारखं वाटत होतं, आणि माझ्याच स्वयंपाकघरात मी का घाबरतेय याचा रागही येत होता. पोचा आलेल्या वाटीतलं सांदण निघालं, तसं तिनं ते हातात घेऊन खळीवरून अंगठा फिरवला. गावाहून आल्यावर घरच्या डब्यात उरलेल्या सांदणावर तिनं तशीच खळी पाहिली होती, हे मला नंतर कळलं.

"हां," एवढंच म्हणाली. आणि थोड्या वेळानं, "मना वाटलं, त्यानं दुसरी बायको केली."

मी तिला पाणी दिलं. ती कितीतरी दिवस हे मनात घेऊन बसली असणार. पण जाताना तिनं दारात थांबून पुन्हा विचारलं, "तो आत येतो काय कधी?"

"कधीच नाही. उंबऱ्याबाहेर."

"बरं," ती म्हणाली, पण ते तिला पुरतं पटल्यासारखं दिसलं नाही.

आठवड्याभरानं तिनं फोन केला. तिला आता फार वेळ उभं राहता येत नव्हतं. करायचं मी, गिऱ्हाईक तिचं, साखर ती सांगेल तेवढी, असं ठरलं. नवरा म्हणाला, उद्या गिऱ्हाईक तुझ्या हाताला सरावलं की ही बाई तुझ्याकडून सगळं शिकून दुसरी कोणी ठेवेल. मी म्हटलं, शिकण्यासारखं तिला काय उरलंय? तरी ती आली की मी पिठाचं भांडं आधीच झाकून ठेवते. तीही तिच्या गिऱ्हाइकांचे नंबर मला देत नाही. यथावकाश परवानगीचा कागदही आला. अर्बाबनं त्याबद्दल एकदा फुकट सांदणं नेली, तो अजून नेतोच आहे.

एप्रिल लागला, नवऱ्याचा फोन पुन्हा खणखणू लागला, पण गुरुवारचं काम बंद पडलं नाही. आता खाला स्वतः येते, काठी टेकत, तिन्ही मजले चढून. डबेही तीच उचलते, मला हात लावू देत नाही. एकदा मी म्हटलं, कंबर दुखते तर चाचांना वर पाठवा ना.

"तो खालीच बरा हाय," ती म्हणाली, आणि खिडकीपाशी जाऊन गाडीत तो आहे ना, ते एकदा पाहून घेतलं.